कवटी न उघडता

खडकीला 1974 पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखाली लुळे पडलेले सैनिक तिथे राहतात. अशा माणसाबाबत एक प्रश्न उरतोच : मेंदूकडून पायाकडे जाणारी वाट साफ तुटली आहे, की काही तंतू शाबूत आहेत? ‘पाय हलवा’ म्हटल्यावर पाय हलला नाही, एवढ्यावरून ते ठरत नाही. मेंदूतूनच संदेश सोडून पाहायला हवा. पण कवटी आड येते.

1980 साली लंडनमध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी डोक्याच्या त्वचेवरून विजेचा झटका देऊन हात हलवून दाखवला. मात्र हाड विजेला विरोध करते, त्यामुळे बराचसा प्रवाह त्वचेतूनच जाई आणि जबर कळ येई. 1985 मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी चुंबकीय क्षेत्र वापरले. फॅरडेचा 1831 चा प्रयोग आपण वर्गात शिकवतोच : वेटोळ्यातील प्रवाह बदलला की शेजारच्या वाहकात प्रवाह निर्माण होतो. इथे वेटोळे डोक्यावर, आणि शेजारचा वाहक म्हणजे मेंदू! चुंबकीय क्षेत्राला हाड अडवत नाही. (आपल्या प्रयोगशाळेतल्या गॅल्व्हानोमीटरशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या दार्सोनव्हाल यांनी 1896 मध्येच, वेटोळ्यात डोके घातल्यास डोळ्यांपुढे प्रकाश चमकतो, असे नोंदवले होते.)

हाताच्या स्नायूत प्रतिसाद सुमारे 20 मिलिसेकंदांनी उमटतो, पायात सुमारे 30 नी. तपासणीत इजा पूर्ण वाटली तरी कधीकधी क्षीण, उशिराचा प्रतिसाद मिळतो. तो मिळाला नाही म्हणून वाट तुटलीच, असा निष्कर्ष मात्र आम्ही काढणार नाही.

पण मेंदूचा एक भाग दुसऱ्याशी कसा जोडलेला आहे, हे स्नायू कसे सांगणार? त्यासाठी ईईजी हवा. माणसाच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी बर्गर यांनी 1924 मध्येच टिपल्या होत्या. अडचण वेगळीच होती. या लहरी काही मायक्रोव्होल्टच्या, आणि वेटोळ्याचा तडाखा इतका मोठा की ॲम्प्लिफायर आंधळा होई. झटक्याच्या क्षणापुरता कान झाकणारे ॲम्प्लिफायर बनवल्यावर, 1997 मध्ये हेलसिंकीत इल्मोनिएमी आणि सहकाऱ्यांना दिसले, की एका बाजूला दिलेली थाप 20 मिलिसेकंदांत दुसऱ्या गोलार्धात पोचते.

2005 मध्ये मासिमिनी, टोनोनी आणि सहकाऱ्यांनी हीच थाप झोपलेल्या माणसांना देऊन पाहिली. जागेपणी ती दूरवर पसरत होती. गाढ झोपेत ती जिथल्या तिथे विरून गेली.