आधी खोडलं, मग मांडलं

अस्पृश्यता आली कुठून? स्टॅन्ले राइसनं दोन कारणं सांगितली : वंश वेगळा, धंदा घाण. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये स्वतःचं कारण मांडण्याआधी ही दोन्ही खोडली. वंश म्हणता? मग नाकांची मापं बघा. बामण न् अस्पृश्य एकाच वंशाचे निघतात. (नाकं मोजायचं ते शास्त्र आज मोडीत निघालंय, पण मोजपट्टी समोरच्यांचीच होती.) धंदा म्हणता? नारदस्मृतीत झाडलोट, उष्टं, मलमूत्र काढणं हे दासाचं काम. दास तर क्षत्रिय-वैश्यही होत. ते कुठं अस्पृश्य झाले? दोन वाटा बंद झाल्या म्हणून तिसरी आपोआप खरी ठरत नाही. म्हणून बौद्धद्वेष आणि गोमांस या आपल्या कारणांना त्यांनी वेगळे पुरावे दिले. शेवटचा शब्द आपलाच, असा दावा मात्र केला नाही.