जीपच्या पोटातला शाफ्ट

जुन्या जीपखाली जमिनीवर काळपट डाग दिसला की पहिला संशय ऑइल सीलवर जातो. सील स्वस्त असतं, सहज मिळतं, आणि ते बदललं की काम झाल्याचं समाधानही मिळतं. काही दिवसांनी डाग पुन्हा उमटला तर सीलचाच माल हलका निघाला असं म्हणून विषय संपवला जातो. विलीज जीपच्या ट्रान्सफर केसचा इतिहास नीट पाहिला तर हा संशय चुकीच्या जागी आहे असं माझं ठाम मत आहे. तेल सीलपाशी बाहेर येतं हे खरं, पण त्याला वाट मोकळी होते ती आतल्या शाफ्टच्या आणि बेअरिंगच्या झिजेमुळे. ही गोष्ट जीप बनवणाऱ्यांना आणि लष्करी कार्यशाळांना पहिल्या काही वर्षांतच कळली होती. रस्त्याकडेच्या गॅरेजांत मात्र आजही पुष्कळदा आधी सील बदललं जातं आणि मग विचार केला जातो.

१९४० साली अमेरिकी सैन्याने चारही चाकं ओढणारी हलकी गाडी मागितली. बँटम, विलीज आणि फोर्ड या तीन कंपन्यांनी नमुने दिले, आणि पुढे विलीज व फोर्ड यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. त्या सगळ्यांत गिअरबॉक्सच्या मागे स्पायसर कंपनीचा १८ क्रमांकाचा ट्रान्सफर केस बसवलेला होता. त्याची रचना सरळ आहे. गिअरबॉक्समधून आलेली ताकद मधल्या जोडगिअरमार्फत खालच्या शाफ्टवर उतरते आणि तिथून पुढच्या व मागच्या दोन्ही धुऱ्यांकडे जाते. सगळी मेख त्या मधल्या गिअरमध्ये आहे. हा गिअर एका स्थिर शाफ्टवर, बारीक रोलरांच्या आधाराने फिरतो, आणि शाफ्ट बिडाच्या खोक्यात आरपार ठोकून बसवलेला असतो. रोलर झिजले की गिअर डुलतो, शाफ्टवर चर पडतात, खोक्यातलं भोक सैल होतं आणि तेल शाफ्टच्या कडेने मागून झिरपू लागतं. खालच्या शाफ्टची कथाही तशीच आहे. त्याच्या निमुळत्या बेअरिंगांची हालचाल पातळ शिमा घालून बेतलेली असते. ती हालचाल वाढली की शाफ्ट सीलच्या ओठात मागेपुढे, वरखाली होत राहतो. त्या ओठाला तेव्हा सर्रास चामडं वापरत, पुढे कृत्रिम रबर आलं. पण डुलणाऱ्या शाफ्टपुढे दोन्हींचा निभाव लागत नाही.

याचा सर्वांत भक्कम पुरावा खुद्द कारखान्यानेच मागे ठेवला आहे. युद्धकाळातल्या जीपमध्ये हा मधला शाफ्ट जेमतेम पाऊण इंच जाडीचा होता. १९४६ साली तो सव्वा इंचाहून थोडा कमी, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंच झाला आणि १९५०च्या दशकात पुरता सव्वा इंच. बाहेरचा घाट जवळपास तोच राहिला, १९७१पर्यंत हा केस जीपमध्ये बसत राहिला, पण आतला शाफ्ट दोनदा जाड करावा लागला. यावर असा आक्षेप घेता येईल की शाफ्ट गळतीसाठी नव्हे, वाढत्या भारासाठी जाड केला. नागरी जीप शेतात नांगर ओढणार होती, म्हणून तिच्या लो गिअरचं प्रमाण युद्धकाळातल्या सुमारे दोनावरून अडीचच्या जवळ नेलं होतं. आक्षेप रास्त आहे आणि मला तो मान्यही आहे. फक्त भार आणि गळती ही दोन वेगळी प्रकरणं नाहीत. भाराखाली शाफ्ट वाकतो, वाकलेल्या शाफ्टवर रोलर एका बाजूने घासतात, आणि त्या घासण्यातूनच तेलाला वाट मिळते. भारासाठी केलेला उपाय गळतीच्याही मुळाशी गेला, तो यामुळेच.

अमेरिकी लष्कराने दुरुस्तीचे पाच स्तर ठरवले होते. चालकाने रोज काय पाहायचं इथपासून ते मोठ्या डेपोत गाडी पूर्ण उकलून पुन्हा उभी करायची इथपर्यंत. ट्रान्सफर केस आतून उघडण्याचं काम वरच्या स्तरांकडे होतं, आणि त्यासाठी तांत्रिक पुस्तिका होती. युद्धानंतर फ्रेंच सैन्याने ही पद्धत टोकाला नेली. पॅरिसच्या पूर्वेला ला माल्तुर्ने इथल्या कार्यशाळेत अमेरिकी जीप सांगाडा उघडा पडेपर्यंत सोडवल्या जात, सुटे भाग एकत्र टाकून तपासले जात, आणि जे मापात बसतील त्यांतून जीप नव्याने उभ्या राहत. कोणत्या जीपचा गिअर कोणत्या जीपमध्ये गेला याची पर्वा कुणी केली नाही. पर्वा होती ती मापाची. हे काम दशकानुदशकं चाललं, आणि याच काळात ऑचकिस कंपनीने १९५५ ते १९६६ या वर्षांत फ्रान्समध्ये सत्तावीस हजारांहून अधिक नव्या जीपही बनवल्या. नवीन मिळत असतानाही जुनी मुळापासून उभी करणं परवडत होतं, हे मला फार बोलकं वाटतं. दुरुस्ती वरवरची राहिली तर काय होतं, हे भारतानेही पाहिलं. १९४८ साली लंडनमधून करार करून दुरुस्त केलेल्या जुन्या जीप मागवल्या गेल्या. त्यांतल्या १५५ इथे पोहोचल्या आणि सैन्याने त्या नाकारल्या. या प्रकरणातल्या पैशाबद्दल संसदेत पुष्कळ बोललं गेलं, पण गाड्या चालण्याजोग्या नव्हत्या ही बाजू त्यात झाकली गेली.

भारतात जीप रुजली ती मुंबईत. स्वातंत्र्याच्या आगेमागे महिंद्र कंपनीने विलीजचा परवाना घेतला आणि माझगावात सुट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात केली. अमेरिकेत सीजे-३बी ही जीप १९६८ साली थांबली, इथे मात्र त्याच तोंडवळ्याची गाडी पुढे कित्येक वर्षं निघत राहिली. यावर असं म्हटलं जाईल की जुन्या जीप टिकल्या त्या लोकांपुढे पर्याय नव्हता म्हणून. परवाना-राज, आयातीवरची बंधनं, नव्या गाडीसाठीचं थांबणं, ही कारणं खरीच आहेत. पण टंचाईमुळे दुरुस्तीची गरज निर्माण होते, दुरुस्ती जमेलच असं नाही. ती जमली कारण हा केस उघडायला खास यंत्र लागत नाही. शाफ्ट ठोकून बाहेर काढता येतो, लेथवर नवा करता येतो, भोक सैल झालं असेल तर बुश घालून पुन्हा मापात आणता येतं, शिमा वाढवून-घटवून हाताला जाणवेल इतकी हालचाल बसवता येते. आजच्या साखळीवर चालणाऱ्या, ॲल्युमिनियमच्या ट्रान्सफर केसचं सील वर्षानुवर्षं कोरडं राहतं हे मान्यच आहे. पण त्यातली साखळी ताणली किंवा पंप निकामी झाला तर पुष्कळदा अख्खं युनिटच बदललं जातं.

उरतो तो सर्वांत प्रचलित आक्षेप: जुन्या जीपला थोडी गळती असायचीच, तेल घालत राहिलं की भागतं. पातळी राखली तर गिअर तगतात, एवढ्यापुरतं हे खरं आहे. पण या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर, प्रोपेलर शाफ्टच्या सुरुवातीलाच बसवलेला असतो. मागच्या सीलमधून निसटलेलं तेल आधी त्याच्या ड्रममध्ये उतरतं आणि अस्तर भिजवतं. त्यामुळे घाटात उतारावर गाडी उभी करताना हँडल घट्ट ओढूनही ती सरकू शकते. अस्तर बदलून, नवं सील ठोकून हे थांबत नाही. मागच्या बेअरिंगची हालचाल मोजून शिमा पुन्हा बसवाव्या लागतात, शाफ्टच्या टोकावरच्या योकवर सीलच्या ओठाने पाडलेली खाच असेल तर योक बदलावा किंवा त्यावर बाही चढवावी लागते, हवा सोडणारं ब्रीदर मोकळं आहे का ते पाहावं लागतं, आणि केस उघडलाच आहे तर मधला शाफ्ट काढून त्यावर नख फिरवून बघावं लागतं. नख अडकलं तर शाफ्टही बदलायचा.