पेशींची अमानत : लालबाग-परळचा एक इतिहास

लालबाग म्हटले की गिरण्यांचे भोंगे, चाळी, भारतमाता थिएटर आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप आठवतो. गिरणगावचा हा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. पण लालबागहून परळकडे चालू लागले की थोड्याच अंतरात आणखी एक इतिहास उभा असलेला दिसतो. हाफकिन इन्स्टिट्यूट, केईएम, टाटा मेमोरियल रुग्णालय आणि जहांगीर मेरवानजी स्ट्रीटवरची प्रजनन संशोधन संस्था, हे सारे एकमेकांच्या शेजारी आहे. माणसाच्या पेशी शरीराबाहेर वाढवायच्या आणि त्यांतून निकामी अवयवाला नवी ऊती द्यायची, या आजच्या विज्ञानाच्या प्रयत्नातले काही भारतीय टप्पे याच वस्तीत पार पडले. या इतिहासाला मुसलमान समाजाचीही एक कड आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. सरकारने घरे तपासायला, माणसे उचलून रुग्णालयात न्यायला सुरुवात केली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात जुलाहा विणकर एका आजारी मुलीच्या तपासणीवरून सरकारी लोकांवर चालून गेले आणि शहरात दंगल उसळली. रुग्णालयात माणसे मारतात, त्यांच्या अंगातून मोमियाई काढतात, अशी अफवा त्या काळी होती. अडाणीपणा म्हणून ती हसण्यावारी नेणे सोपे आहे. पण ज्यांच्या घरात न विचारता शिरले, ज्यांच्या बायाबापड्यांना परक्यांनी हात लावला, त्यांना आपल्या शरीराचे काय होणार याची भीती वाटली, यात नवल कसले?

त्याच काळात वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. हिंदू-मुसलमानांच्या भावना दुखावू नयेत म्हणून जंतू वाढवण्यासाठी त्यांनी बकऱ्याच्या मांसाचा रस वापरला. तरीही लोक पुढे येईनात. तेव्हा विशीतले तिसरे आगाखान, सुलतान मुहम्मद शाह यांनी आपले खुश्रू लॉज हाफकिन यांच्या कामासाठी दिले आणि लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली. मग हजारो खोजा रांगेत उभे राहिले. १८९९ साली ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये आली. १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊ लागली. सक्तीने जे साधले नाही ते विश्वासाने साधले, हा परळचा पहिला धडा होय.

जंतू वाढवण्यापासून माणसाच्या पेशी वाढवण्यापर्यंत पोचायला अर्धे शतक गेले. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी टाटा मेमोरियलमध्ये डॉ. व्ही. आर. खानोलकर यांच्या हाताखाली काम करून १९४९ साली पीएच.डी. मिळवली. पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धन शिकल्या. परतल्यावर परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. ज्या गाय यांच्याकडे त्या शिकल्या, त्यांनीच १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून घेतलेल्या पेशी प्रथमच अखंड वाढवून दाखवल्या होत्या. त्या ‘हेला’ पेशींवर जगभर संशोधन झाले, पण त्या बाईला किंवा तिच्या घरच्यांना कुणी विचारले नव्हते. ज्ञान मोठे होते, पण अमानत पाळली गेली नाही.

मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, प्रत्यक्ष उपचारात आल्या त्या बोन मॅरोच्या वाटेने. हाडांच्या मगजातल्या या पेशी आयुष्यभर नवे रक्त तयार करतात. १९८३ साली टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण केले. सख्ख्या भावंडाशी मॅरो पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. एका भावंडाच्या पेशींनी दुसऱ्याच्या शरीरात रक्ताचा कारखाना पुन्हा सुरू करावा, हे ऊती उगवण्याचेच काम आहे.

दुसरी वाट भ्रूणाची. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये हर्षा या मुलीचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे हे यश होते. पुढे आनंद कुमार यांनी कागदपत्रे तपासून, आपल्याआधी १९७८ साली कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी हे साधले होते, असे जाहीर केले. पहिलेपणाचा मान स्वतःहून दुसऱ्याला देणारा संशोधक विरळाच.

शरीराबाहेर गर्भधारणा होऊ लागली तशी न वापरलेली भ्रूणे उरू लागली. १९९८ साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी अशा भ्रूणांतून मानवी मूलपेशी वेगळ्या केल्या. पाच-सहा दिवसांच्या भ्रूणातील या पेशींपासून हृदय, यकृत, मज्जातंतू यांपैकी कोणतीही पेशी घडू शकते. परळच्या संस्थेत डॉ. दीपा भारतीय यांच्या गटाने ‘काइंड-१’ आणि ‘काइंड-२’ या दोन मूलपेशीमालिका तयार केल्या. २००९ साली त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि इंदिरा हिंदुजाही त्या कामात होत्या. पुढे या पेशींना हृदयाच्या आणि स्वादुपिंडाच्या पेशींच्या दिशेने वळवण्याचे प्रयोग झाले.

इथे आपल्या समाजात प्रश्न येतो : हे जायज आहे का? कुराणातील सूरह अल-मूमिनूनमध्ये गर्भाच्या अवस्थांचा उल्लेख आहे. रूह केव्हा फुंकली जाते यावर फिकहच्या विद्वानांत चर्चा झाली असून १२० दिवसांचे मत सर्वपरिचित आहे. डिसेंबर २००३ मध्ये मक्केतील इस्लामी फिकह परिषदेने निर्णय दिला. आईवडिलांनी स्वखुशीने दिलेली, उपचारातून उरलेली भ्रूणे, नाळेचे रक्त आणि प्रौढांच्या पेशी वापरता येतील, पण त्यासाठी जाणूनबुजून गर्भपात करता येणार नाही. त्याच वर्षी इराणच्या रोयान संस्थेने स्वतःची मानवी मूलपेशीमालिका तयार केली. म्हणजे इस्लाम आणि प्रयोगशाळा यांच्यात भिंत आहे, ही समजूत दोन्ही बाजूंच्या आळसातून आलेली आहे. शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या साध्या पेशींना मूलपेशीच्या अवस्थेत परत नेले. त्यामुळे भ्रूणाचा प्रश्न बराच सौम्य झाला.

मग अवयव तयार झाले का? अमेरिकेत अँथनी अटाला यांनी रुग्णांच्या स्वतःच्या पेशींपासून वाढवलेल्या ऊतींनी मूत्राशय दुरुस्त केल्याचे २००६ साली प्रसिद्ध झाले. २००९ पासून आतड्याचे इवले नमुने बशीत वाढू लागले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मूलपेशींपासून केलेल्या स्वादुपिंडाच्या पेशी दिल्यावर टाइप-१ मधुमेहाच्या १२ पैकी १० रुग्णांचे इन्सुलिन वर्षभरात सुटले. पण प्रयोगशाळेत वाढवलेले पूर्ण मूत्रपिंड किंवा यकृत आजवर कुणाला बसवलेले नाही. घाईचे मोलही मोजून झाले आहे. कृत्रिम श्वासनलिकांमुळे गाजलेले सर्जन पाओलो माक्कियारिनी यांना स्वीडनच्या अपील न्यायालयाने २०२३ साली अडीच वर्षांची शिक्षा दिली.

आपल्याकडेही मूल जन्मतः अधू असलेला बाप, अर्धांगवायूने पडलेल्या आईचा मुलगा दागिने विकून ‘स्टेम सेल’चे इंजेक्शन घ्यायला निघतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत : रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण हाच मान्य उपचार, बाकी सारे चाचणीच्या चौकटीत. आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणून सही करण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. ही चाचणी सरकारी नोंदवहीत आहे का? माझ्याकडून पैसे का मागता?

मदनपुऱ्यातल्या विणकरांनी न विचारता शरीराला हात लावणाऱ्यांचा विरोध केला, आगाखानांनी जाणून-समजून हात पुढे केला. आपल्याला या दोन्ही गोष्टी लागतील. शरीर ही अल्लाहची अमानत मानणाऱ्याने ते अज्ञानात कुणाच्या हाती देऊ नये, आणि भीतीपोटी इल्मकडे पाठही फिरवू नये.