चाक नेमके अडते कुठे?

सपाट जमिनीवर ढकललेला चेंडू काही अंतर जाऊन थांबतो. तो का थांबतो, असे विचारले तर 'घर्षणामुळे' हे शाळेतले उत्तर तयार असते. ते अर्धेच खरे आहे. घसरणारी वस्तू घर्षणामुळे थांबते. गडगडणारी वस्तू मात्र मुख्यतः दुसऱ्याच कारणाने.

गडगडणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणापुरता जवळजवळ स्थिर असतो. तो घासत नाही; टेकतो आणि उचलला जातो. तेथील स्थितिक घर्षण चाकाला पकड देते, पण त्याची ऊर्जा खात नाही. किंबहुना हे घर्षण नसते, तर ढकललेले चाक न फिरता नुसते घसरत गेले असते.

मग ऊर्जा जाते कोठे? चाक किंवा जमीन कधीच पूर्णपणे ताठ नसते. भाराखाली दोन्ही किंचित दबतात. चाक पुढे सरकताना पुढचा भाग दाबावा लागतो आणि मागचा भाग पूर्ववत होतो. दाबण्यासाठी खर्च झालेली सगळी ऊर्जा पूर्ववत होताना परत मिळत नाही. उरलेलीची उष्णता होते. टायर-व्यवसायात यालाच 'रोलिंग रेझिस्टन्स' म्हणतात.

ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८७५ मध्ये या रोधाचा अभ्यास केला, तेव्हा दबलेल्या पृष्ठभागांमधील सूक्ष्म घसरणीवर त्यांचा भर होता. पुढे १९५० च्या दशकात केंब्रिजमधील डेव्हिड टेबर यांनी रबरावर कठीण गोळे फिरवून पाहिले. मध्ये वंगण घातले तरी रोधात फारसा फरक पडेना. दोष घासण्याचा असता, तर वंगणाने तो उघडच कमी झाला असता. बैलगाडीवाल्याला हे अनुभवाने ठाऊक असते: वंगण आसाला उपयोगी पडते, चिखलात रुतलेल्या धावेला नाही.

आकडे पाहिले की फरक ध्यानात येतो. १ टन वजनाची मोटार चाके जखडून कोरड्या डांबरी रस्त्यावर ओढायची, तर सुमारे ७०० किलोभाराइतका जोर लागेल. चाके मोकळी असतील तर १० ते १५ किलो पुरतो. पोलादी रुळावरील पोलादी चाकाला, जे फारच थोडे दबते, टनामागे १ ते २ किलो एवढाच जोर लागतो. रेल्वेने जड माल स्वस्तात जातो, याचे एक मोठे कारण हेच.

मात्र चढ आला की हे गणित कोलमडते. बोरघाटात रेल्वेमार्गाचा चढ ३७ फुटांना १ फूट आहे. तेथे केवळ चढासाठी टनामागे २७ किलो जोर लागतो आणि गुळगुळीत पोलादाची पकड अपुरी पडू लागते. घाटात गाडीला मागून जादा इंजिने जोडण्याची आणि चाक घसरू लागल्यास रुळांवर वाळू सोडण्याची पद्धत त्यामुळेच आहे.

शहरी वाचकाचा संबंध येतो तो टायरमधील हवेशी. हवा कमी झाली की टायर अधिक दबतो आणि रोध वाढतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशेबाने चारही टायरमधील सरासरी दाब १ पीएसआयने घटला, तर इंधनाची कार्यक्षमता सुमारे ०.२ टक्क्याने उतरते. म्हणजे १० पीएसआय कमी असतानाही फटका २ टक्क्यांचाच. पैशाच्या दृष्टीने हे फार नाही. खरा धोका उष्णतेचा आहे. वाया गेलेली ऊर्जा टायरच्या रबरात आणि आतील धाग्यांत साठते. द्रुतगती मार्गावर सलग वेगाने धावणारा, कमी हवेचा टायर तापत जातो आणि फुटू शकतो. 'उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवावी' हा सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणूनच उफराटा आहे. प्रवासात तापल्यावर दाब वाढणार, हे धरूनच उत्पादक थंड टायरचा आकडा देतात. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर तो बहुधा छापलेला असतो. हवा तपासावी ती गाडी किमान तीन तास उभी राहिल्यानंतर.