एकच वाहिनी, दोन क्रमांक: रेकॉर्डिंग कुठून करावे?

झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी. सेट-टॉप बॉक्सच्या यादीत या वाहिन्या दोन-दोनदा दिसतात: एकदा नुसत्या नावाने, एकदा नावापुढे ‘एचडी’ लावून. थेट बघताना चित्र पुसट वाटले तर रिमोटचे बटण दाबून दुसरीकडे जाता येते. रेकॉर्डिंगचे तसे नसते. भाचीचे गाणे एखाद्या स्पर्धेत एकदाच दाखवणार असतील आणि ते चुकीच्या क्रमांकावरून रेकॉर्ड झाले, तर पुसट चित्रच कायमचे पदरात पडते. म्हणून या जुळ्या वाहिन्यांची तुलना आधीच, एखाद्या साध्या दिवशी करून ठेवावी.

कागदावरचे आकडे आणि प्रत्यक्षातले

भारतात एसडी चित्राची पूर्ण चौकट ७२० × ५७६ पिक्सेलची, म्हणजे ४,१४,७२० पिक्सेलची असते. एचडीची १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेलची. बरोबर पाचपट. प्रश्न असा की एसडी वाहिनी घरापर्यंत पूर्ण चौकटीने येतेच असे नाही. उपग्रहाच्या ट्रान्सपाँडरवर किंवा केबलच्या एका फ्रिक्वेन्सीवर ठरावीक माहितीच मावते आणि तिच्यात अनेक वाहिन्या दाटीवाटीने बसवलेल्या असतात. जागा वाचवायला चित्राची रुंदी ७२० वरून ५४४ किंवा ४८०, कधी तर ३५२ पिक्सेलवर आणण्याची पद्धत डिजिटल प्रक्षेपणात जुनीच आहे. उंची ५७६ च राहते. बॉक्स ते चित्र पुन्हा ताणून पडदाभर दाखवतो, त्यामुळे ते अरुंद दिसत नाही, फक्त मऊ दिसते. ४८० × ५७६ असेल तर एक तृतीयांश पिक्सेल वाटेतच गळालेले असतात. ते कमी पडल्याचे खिडकीच्या गजांत, पैठणीच्या बारीक नक्षीत आणि बातम्यांखालच्या पट्टीतल्या काना-मात्रांत दिसते. एचडीतही हा प्रकार होतो. तिथे १९२० ऐवजी १४४० रुंदी असू शकते.

टीव्हीच्या कोपऱ्यात उमटणाऱ्या ‘१०८०’ वर मात्र भिस्त ठेवू नये. तो आकडा बॉक्स टीव्हीला काय देतो आहे ते सांगतो, वाहिनीतून काय आले ते नाही. एसडी वाहिनी लावली तरी एचडीएमआयमधून बॉक्स १०८० रेषाच बाहेर पाठवू शकतो. कॅप्चर कार्डाने केलेल्या फाइलवरही मग १९२० × १०८० लिहून येते आणि बघणारा खूश होतो. दूध तेवढेच, पाणी वाढलेले!

पिक्सेलइतकाच महत्त्वाचा बिटरेट

चौकट मोठी, पण दर सेकंदाला मिळणारी माहिती तुटपुंजी, असे झाले की चित्राचे ठोकळे पडतात. निवेदक स्थिर बसलेला असताना हे कळत नाही. विसर्जन मिरवणुकीत गुलाल उधळला जातो, पावसाचे दृश्य येते किंवा कॅमेरा हिरवळीवरून वेगाने फिरतो, तेव्हा खरी परीक्षा होते. दोन जुळ्या वाहिन्या ताडून बघायच्या तर अशीच दृश्ये निवडावीत.

इथे रेकॉर्डरचा एक गुण कामी येतो. रेकॉर्डिंगची सोय असलेला डिजिटल बॉक्स सहसा वाहिनीचा प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर उतरवतो, नव्याने दाबत नाही. त्यामुळे फाइलच्या आकारावरूनच बिटरेट काढता येतो. तासाभराची फाइल ३.६ जीबी भरली तर सरासरी ८ मेगाबिट प्रति सेकंद, ०.९ जीबी भरली तर २ मेगाबिट. तुलना करताना दोन्ही वाहिन्यांचे एन्कोडिंग एकच आहे ना, तेही पाहावे. एमपेग-२ ला जेवढी जागा लागते, तिच्या साधारण निम्म्या जागेत एच.२६४ तसेच चित्र देते. नुसती जड फाइल म्हणजे चांगली फाइल नव्हे.

पेन ड्राइव्हवरची फाइल संगणकावर उघडत असेल तर काम सोपे आहे. व्हीएलसीमध्ये ती चालवून कंट्रोल आणि जे ही बटणे दाबली की कोडेकची माहिती येते आणि खरी रुंदी-उंची समोर दिसते. एचडीच्या फाइलमध्ये कधी १०८० ऐवजी १०८८ दिसते; त्यात गडबड काही नाही. ही एन्कोडिंग चित्र १६ × १६ च्या चौकोनांत कापतात आणि १०८० ला १६ ने भाग जात नाही, म्हणून ८ रेषा जोडल्या जातात. हलत्या वस्तूंच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसले तरी घाबरू नये. प्रक्षेपण सम-विषम रेषांचे असल्याची ती खूण आहे. डीइंटरलेस सुरू केले की दाते जातात.

जुनी मालिका एचडीवर लागली तर?

व्हिडिओ टेपवर चित्रित झालेल्या जुन्या मालिकेत मुळातच एसडीइतका तपशील असतो. एचडी वाहिनी तो ताणून दाखवते, नवा तपशील कुठून आणणार? तरीही रेकॉर्डिंगसाठी बहुधा एचडीचीच बाजू वरचढ ठरते, कारण तिथे मूळ टेपची पूर्ण रुंदी शाबूत राहते आणि एसडीच्या जुळ्या वाहिनीवर ती ५४४ झालेली असू शकते. अपवाद एक: चार-बाय-तीनचे चित्र सोळा-बाय-नऊमध्ये ओढून चेहरे पसरट केले असतील, तर एसडी घ्यावी. उलट एसडीवर रुंद चित्र वर-खाली काळ्या पट्ट्या टाकून येत असेल, तर ५७६ पैकी ४३२ च रेषा कामाच्या उरतात.

जुना डीव्हीडी रेकॉर्डर पिवळ्या-लाल-पांढऱ्या एव्ही वायरीने जोडला असेल तर एचडी तिच्यातून जातच नाही. ५७६ रेषांवर गाडी थांबते. पण त्या रेषा एचडी वाहिनीवरून उतरलेल्या असतील तर सहसा जास्त स्वच्छ असतात, म्हणून तिथेही आधी एचडी क्रमांक लावून पाहावा.

एचडीसाठी जादा पैसे पडतात, हेही खरे. ट्रायच्या २०१९ पासून लागू झालेल्या व्यवस्थेत एक एचडी वाहिनी दोन एसडी वाहिन्यांएवढी धरली गेली. सगळ्याच वाहिन्या एचडीत घेण्यापेक्षा ज्यांचे रेकॉर्डिंग जपायचे आहे तेवढ्याच घेणे परवडते.

जपायचे म्हणताना एक अडचण आधीच माहीत असलेली बरी. डीटीएच कंपन्यांच्या रेकॉर्डिंग बॉक्समधली फाइल बहुधा कुलूपबंद असते आणि त्याच बॉक्सवर चालते. ती संगणकावर उघडत नाही, म्हणून तिथे तुलना डोळ्यांनी आणि डिस्कवरची किती जागा गेली त्यावरूनच करावी लागते. बॉक्स बिघडला किंवा बदलला की आतले सगळे जाते. भाचीचे गाणे अशा बॉक्समध्ये असेल, तर वाहिनीच्या ॲपवर किंवा यूट्यूबवर तो भाग अधिकृतपणे आला आहे का, हे बॉक्स परत देण्याआधीच शोधावे.