प्रक्षेपक आणि प्रक्षेप : चोवीस चौकटींचा इतिहास

संहिताचिकित्सेत 'प्रक्षेप' हा शब्द आपल्याला परिचयाचा आहे. मूळ संहितेत नसलेला, मागाहून कोणा अनामिकाने घातलेला मजकूर म्हणजे प्रक्षेप. 'प्रक्षेपक' म्हणजे मात्र पडद्यावर चित्र फेकणारे यंत्र. धातू एकच, क्षिप्, म्हणजे फेकणे. पण एक शब्द ग्रंथालयात राहिला आणि दुसरा चित्रगृहात. गेल्या दोन दशकांत या दोघांची अनपेक्षित गाठ पडली आहे. प्रक्षेपकच आता प्रक्षेप करू लागला आहे, आणि तोही पाहणाऱ्याला न सांगता.

प्रश्न वरवर पाहता तांत्रिक आणि घरगुती आहे. माफक किमतीचे प्रक्षेपक आता दिवाणखान्यात आणि महाविद्यालयाच्या वर्गातही आले आहेत. 'साहित्य आणि चित्रपट' शिकवणारा अध्यापक एखादा जुना चित्रपट लावतो. कॅमेरा संथपणे आडवा वळू लागतो आणि भिंतीवरचे दृश्य अडखळू लागते; झाडे, खांब, माणसे गचके खात सरकतात. मग कोणीतरी यंत्राच्या सूचीत जाऊन 'हालचाल सफाईदार करा' अशा अर्थाचा पर्याय निवडतो. अडखळ जाते, पण चित्रपटही जातो. त्याच्या जागी दूरदर्शन मालिकेच्या चित्रीकरणासारखे काहीतरी तेलकट, गुळगुळीत दिसू लागते.

ही अडखळ आणि हा उपाय या दोहोंनाही इतिहास आहे, आणि तो साहित्याच्या अभ्यासकांना परका वाटू नये असे आम्हांला वाटते. आमचे म्हणणे थोडक्यात असे : पडद्यावरची अडखळ हा केवळ स्वस्त यंत्राचा दोष नव्हे. विसाव्या शतकातले दोन करार, एक ध्वनीचा आणि दुसरा विजेचा, एकमेकांना निःशेष भाग जात नाहीत. त्या भागाकाराची बाकी आपल्याला पडद्यावर दिसते.

चित्रपटाला आरंभी ठरलेली गतीच नव्हती. ल्युमिएर बंधूंचे यंत्र हाताने फिरवायचे असे. सेकंदाला सुमारे १६ चौकटी हा त्याचा अंदाजे वेग. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये आणि ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात प्रेक्षकांनी जे पाहिले, ते हाताच्या लयीवर चाललेले चित्र होते. एडिसनच्या पेटीत डोकावून पाहायची चित्रे त्याहून कितीतरी वेगाने, सेकंदाला ४० किंवा त्याहून अधिक चौकटींनी, धावत. पुढे बहुतेक कॅमेऱ्यांच्या दांडीच्या एका फेऱ्यात आठ चौकटी उमटू लागल्या. सेकंदाला दोन फेरे हा हाताचा सराव झाला, आणि त्यातून १६ हा आकडा रुजला. पण सराव म्हणजे नियम नव्हे. भावपूर्ण प्रसंगाला हात मंदावे, पाठलागाला वेग घेई. चित्रगृहातला यंत्रचालकही आपल्या मनाने, वा मालकाच्या घाईने, रीळ पळवी. वाद्यवृंदाला दिलेल्या सूचनापत्रांत कधी कधी गतीची सूचना असे. आपल्याकडच्या कीर्तनपरंपरेशी परिचय असलेल्यांना यात नवल वाटणार नाही : आख्यान एक, पण त्याचा पल्ला प्रत्येक सादरीकरणात निराळा.

३५ मिलिमीटरच्या फितीवर एका फुटात १६ चौकटी मावतात. हजार फुटांचे रीळ सेकंदाला १६ चौकटींच्या गतीने १६ मिनिटे ४० सेकंद चालते. तेच २४च्या गतीने लावले तर अकरा मिनिटांच्या थोडे पुढे संपते. हा फरक केवळ मिनिटांचा नाही. दुःखाने मान खाली घालणारी स्त्री दुसऱ्या गतीत मान झटकल्यासारखी दिसते. मूकपटातील माणसे कळसूत्री बाहुल्यांसारखी चालत, अशी जी समजूत अनेक पिढ्यांच्या मनात बसली, तिचा मोठा भाग पुढच्या काळातील यंत्रांनी घडवलेला आहे. चित्रपट-इतिहासकार केव्हिन ब्राउनलो यांनी १९८०मध्ये 'साइट अँड साउंड'मधील लेखात मूकपटांची 'योग्य' गती कोणती या प्रश्नाची सविस्तर चिकित्सा केली. एकच योग्य आकडा नाही आणि तो चित्रपटागणिक शोधावा लागतो, हे त्यांच्या विवेचनाचे सार. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' पाहणाऱ्यांना त्यात करुण रस दिसला असेल, तर आजच्या विद्यार्थ्याला त्यात हसू का येते, याचे एक उत्तर अभिरुचीत आहे आणि दुसरे दांडीच्या फेऱ्यांत.

ध्वनी आला आणि हाताची लय संपली. डोळा गतीतला थोडा चढउतार सहन करतो, पण कान करत नाही. वेग बदलला की स्वर चढतो वा उतरतो. म्हणून बोलपटाला एकच, अचल गती हवी होती. वेस्टर्न इलेक्ट्रिकचे अभियंते स्टॅन्ली वॉटकिन्स यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, तेव्हा चित्रगृहांत रिळे प्रत्यक्षात कोणत्या वेगाने चालतात याची चौकशी झाली आणि मिनिटाला ९० फूट हा वेग निवडला गेला. म्हणजेच सेकंदाला २४ चौकटी. १९२७च्या 'द जॅझ सिंगर'पासून १९३१च्या 'आलम आरा'पर्यंत आणि १९३२च्या 'अयोध्येचा राजा'पर्यंत हा आकडा जगभर पोहोचला. २४मध्ये सौंदर्यशास्त्र नव्हते. त्यात ध्वनीची गरज होती, फितीच्या खर्चाचा हिशेब होता आणि चित्रगृहांची सवय होती. सौंदर्य मागाहून आले : छायालेखकांनी या मर्यादेत कॅमेरा किती सावकाश फिरवावा याचे आडाखे बांधले, आणि त्या आडाख्यांतून चित्रपटाची म्हणून ओळखली जाणारी हालचाल घडली. एखादी वस्तू पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला सुमारे सात सेकंद लागावेत, हा त्यांपैकी बहुश्रुत आडाखा. छंदाचे बंधन कवीला सुचवतेही, तसे हे झाले.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. २४ चौकटी डोळ्यांना लुकलुकत्या दिसतात. म्हणून चित्रगृहातील प्रक्षेपकाच्या फिरत्या पडद्याला दोन पाती असत. प्रत्येक चौकट दोनदा उजळे आणि सेकंदाला ४८ उजेड पडत. मूकपटांच्या काळी तीन पात्यांनी १६च्या गतीतही तेच ४८ साधले जात. महत्त्वाचे हे, की प्रत्येक चौकटीच्या वाट्याला सारखाच काळ येई.

दुसरा करार विजेचा. अमेरिकेने घरगुती वीजप्रवाहासाठी सेकंदाला ६० आवर्तने स्वीकारली, युरोपने ५०. आरंभीच्या दूरचित्रवाणीला विजेच्या आवर्तनांशी जुळवून घेणे भाग होते, नाहीतर चित्रात पट्टे सरकत. त्यामुळे ब्रिटनमध्ये १९३६ साली ५०ची आणि अमेरिकेत १९४१ साली ६०ची पद्धत रूढ झाली. भारताने ५०ची वाट धरली. दिल्लीत १९५९मध्ये आणि मुंबईत १९७२मध्ये दूरचित्रवाणी आली ती याच मापाची.

आता २४चा चित्रपट या दोन मापांत कसा बसवायचा? ५०च्या देशांतील रीत सोपी होती : चित्रपट सेकंदाला २५ चौकटींनी लावायचा आणि प्रत्येक चौकट दोनदा दाखवायची. चित्रपट चार टक्के लवकर संपतो. अडीच तासांचा चित्रपट १४४ मिनिटांत आटोपतो. आवाजही चढतो, कोमल स्वरापासून शुद्ध स्वरापर्यंतच्या अंतराहून थोडा कमी. ज्यांचे कान तयार होते त्यांना दूरचित्रवाणीवरच्या चित्रपटगीताची पट्टी चढलेली जाणवू शके. पण हालचाल सरळ राहिली. ६०च्या देशांत मात्र गती न बदलता वेगळी युक्ती केली गेली : एक चौकट दोनदा, पुढची तीनदा, पुन्हा दोनदा, पुन्हा तीनदा. चार चौकटींच्या दहा होतात आणि चोविसांचे साठ. हिशेब पुरा होतो, पण काळ समान राहत नाही. एक चौकट सेकंदाचा तिसावा भाग टिकते, पुढची विसावा. सर्व लघू अक्षरांची ओळ कोणी लघू-गुरू, लघू-गुरू अशी म्हणत गेला तर कानाला जे होईल, ते येथे डोळ्याला होते. संथ आडव्या दृश्यातील अडखळ ती हीच.

आजचे बहुतेक स्वस्त प्रक्षेपक या अमेरिकी वारशाचे वाहक आहेत. त्यांचे अंतर्गत माप ६०चे असते, आणि त्यांना जोडलेले संगणक वा प्रवाहयंत्रेही मुळात ६०वरच ठेवलेली असतात. आपल्याकडे याने दुहेरी गोंधळ होतो. दूरदर्शनच्या संग्रहातील मुलाखती, नाट्यचित्रणे, मालिका २५च्या मापातल्या. त्या ६०त बसवताना पाच चौकटींना बारा घरे वाटून द्यावी लागतात आणि वाटणी आणखी वाकडी होते. शिवाय भिंतीवरचे चित्र मोठे. शंभर इंची चित्राची रुंदी सुमारे २२१ सेंटिमीटर. सात सेकंदांच्या संथ वळणातही प्रत्येक चौकटीला दृश्य १.३ सेंटिमीटर उडी घेते; ३२ इंची दूरचित्रवाणी संचावर हीच उडी अर्ध्या सेंटिमीटरहून कमी असते. चित्र जितके मोठे आणि उजळ, तितकी अडखळ ठळक.

म्हणून उपाय शोधायचा तर तो आकड्यांपासून सुरू करावा. प्रथम कृती कोणत्या मापाची आहे हे पाहावे : चित्रपट २४, जुने दूरचित्रवाणी साहित्य २५. मग चित्र पाठवणाऱ्या यंत्राला त्याच मापाने पाठवायला सांगावे, म्हणजे चित्रपटासाठी २४ आणि दूरदर्शनच्या साहित्यासाठी ५०. अनेक यंत्रांत 'मॅच फ्रेम रेट' अशा नावाचा पर्याय असतो. प्रक्षेपकाच्या माहितीच्या पानावर येणारा आकडा दिसतो, तो ताडून पाहावा. मात्र २४ घेतो म्हणजे २४ दाखवतोच असे नाही. काही प्रक्षेपक आत पुन्हा ६०ची विभागणी करतात. तेव्हा सरकती श्रेयनामावली लावून डोळ्यांनीच खात्री करावी. प्रक्षेपक २४ला साथ देत नसेल आणि ५० घेत असेल, तर संगणकावर चित्रपट २५च्या गतीने लावून ५०ने पाठवता येतो. आपल्या दूरचित्रवाणीची हीच जुनी रीत होती. बिनतारी जोडणीत चौकटी गळतात, म्हणून तार वापरावी. खोलीत अंधार करून प्रक्षेपकाचा उजेड थोडा उतरवला आणि चित्र हातभर लहान केले तरी बराच फरक पडतो. एवढे करूनही जी थोडी थरथर उरेल, ती २४ची स्वतःची आहे. ती चित्रगृहातही होती आणि छायालेखकाने ती गृहीत धरलेली होती.

राहिला तो सूचीतला सोपा पर्याय. दोन चौकटींच्या मध्ये काय असावे याचा यंत्र अंदाज करते आणि कधीच चित्रित न झालेल्या चौकटी घालते. या क्रियेला इंग्रजीत 'इंटरपोलेशन' म्हणतात, आणि संहितेतल्या प्रक्षेपालाही तेथे हाच शब्द आहे. खेळांच्या प्रक्षेपणात हा पर्याय उपकारक ठरतो. पण चित्रपटात तो नटाच्या पापणीची लय बदलतो, हात वेगाने फिरला की बोटांच्या कडा वितळवतो. डिसेंबर २०१८मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी चित्रफीत काढून प्रेक्षकांना हा पर्याय बंद ठेवण्याची विनंती केली. २०१९मध्ये निर्मात्यांच्या एका संघाने हा पर्याय बंद ठेवणारी 'फिल्ममेकर मोड' ही व्यवस्था जाहीर केली. अधिक चौकटी मुळातच वाईट, असा याचा अर्थ नाही. पीटर जॅक्सन यांनी २०१२चा 'द हॉबिट' ४८ चौकटींनी चित्रित केला. तो कोणाला रुचला, कोणाला नाही. पण ती निवड कर्त्याची होती. यंत्राने घातलेल्या चौकटीला कर्ता नसतो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. संपादकांनी जे श्लोक प्रक्षिप्त ठरवले ते फेकून दिले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवले, कोणत्या पोथीत आढळतात त्या नोंदींसह. वाचकाला दोन्ही पाहता येतात आणि निवाडा करता येतो. प्रक्षेपकाच्या प्रक्षेपाला अशी तळटीप नाही. सेकंदाला साठातल्या निम्म्याहून अधिक चौकटी यंत्राच्या असल्या तरी विद्यार्थी त्या दिग्दर्शकाच्या म्हणून पाहतो, आणि त्यावरच दृश्यभाषेविषयी निबंध लिहितो.

कवितेचा पाठ देताना आपण आवृत्ती नोंदवतो, कारण आवृत्तीगणिक ओळ बदलते. चित्रपट दाखवण्यापूर्वीही वर्गात एवढे सांगायला दोन मिनिटे पुरतात : हा किती चौकटींचा आहे, आपण तो किती मापाने पाहणार आहोत, आणि मधल्या चौकटी कोणाच्या आहेत. महागडा प्रक्षेपक प्रत्येक विभागाला परवडणार नाही. ही नोंद मात्र कोणालाही परवडण्यासारखी आहे.