निर्मलचा लेप

निजामशाही अमलातील आदिलाबाद जिल्ह्याचा इतिहास महसुली दप्तरांतून पाहू गेल्यास तो अरण्याचा, सागवानाचा आणि कापसाचा इतिहास वाटतो. परंतु ज्या एका गावाने या जिल्ह्याचे नाव दूरदूरच्या दिवाणखान्यांपर्यंत पोचवले, त्या निर्मलच्या खेळण्यांची कीर्ती सागासारख्या चिवट लाकडावर नव्हे, तर पोनिकी नावाच्या अत्यंत हलक्या व मऊ लाकडावर आणि त्याहूनही अधिक, त्या लाकडावर चढणाऱ्या पातळ लेपावर उभी आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा नांदेडकडे गेले, १९५९ मध्ये राजुरा चांद्याला जोडले गेले, तेलंगणाच्या स्थापनेनंतर २०१६ मध्ये निर्मल स्वतःच जिल्ह्याचे ठाणे झाले. सरहद्दी अशा हलल्या, तरी भैंसा-मुधोळकडच्या मराठी घरांतून काचेच्या कपाटातला निर्मलचा लाकडी पोपट काही हलला नाही.

सतराव्या शतकात निम्मा नायडू नावाच्या स्थानिक अधिपतीने नक्काशांना, म्हणजे लाकूड कोरून रंगवणाऱ्या कारागिरांना, आश्रय देऊन येथे वसवले व गावाला नावही त्याच्यामुळेच मिळाले, अशी परंपरा आहे. नक्काशांचे हात उत्तरेकडून आले की येथेच घडले, हा वाद विद्वानांनी खुशाल घालावा. मला महत्त्वाची वाटते ती त्यांची कामाची रीत, कारण एखाद्या वस्तूची प्रतिकृती तिच्या आकारामुळे ओळखू येते की तिच्या पृष्ठामुळे, या प्रश्नाचे उत्तर त्या रीतीत सामावलेले आहे.

पोनिकीचा ओंडका वाळवून, त्यातील ओल पुरती गेल्यावर, पटाशीने व कानसेने अवयव वेगवेगळे कोरले जातात. हरणाचे शिंग, कान, पाय हे स्वतंत्रपणे घडवून चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने सांधतात. हाच लगदा पुढे सर्वांगावर फिरतो, फटी बुजवतो, लाकडाच्या शिरा झाकतो. गरज पडेल तेथे त्यावर झिरझिरीत कापड चिकटवतात, मग पांढऱ्या मातीचा हात देतात, आणि तो वाळला की घासून गुळगुळीत करतात. या अवस्थेतले हरीण पाहिले तर डौल सगळा जागेवर असतो, परंतु ते कोणत्या जातीचे हे सांगता येत नाही. तांबूस अंगावर पांढरे ठिपके उमटले की मगच ते चितळ होते. आंबा, सीताफळ, वांगे या फळा-भाज्यांच्या प्रतिकृतींत तर आकाराचे काम थोडे आणि पृष्ठाचेच फार.

या विद्येचा कळस म्हणजे निर्मलचा सोनेरी वर्ख. त्यात सोने नसते. वनस्पतींचा रस अळशीच्या तेलाबरोबर तापवून सिद्ध केलेल्या द्रवाने ती झळाळी येते. निजामाच्या स्वारीवर कारागिरांनी केळफुलातून पाकळ्यांची वृष्टी केली आणि त्या सोनेरी पाकळ्या पाहून हुजूर चकित झाले, ही कथा निर्मलमध्ये आजही अभिमानाने सांगतात. पुढे सर अकबर हैदरी यांच्या पत्नी लेडी हैदरी यांनी या कारागिरांना हैदराबादेत आणून राजाश्रय व बाजार मिळवून दिला. १९५५ साली गावात सहकारी संस्था उभी राहिली, आणि वनस्पतिज व खनिज रंगांच्या जागी ड्यूको रंग आले. त्यांनी टिकाऊपणा दिला हे खरे; पण सर्व खेळण्यांवर एकच चकाकी आली आणि पिसाची, कातडीची, सालीची जी न्यारी कांती जुन्या हाताला साधत असे ती मागे सरली, याची मला मनापासून खंत वाटते.

या खंतीचे मोल समजण्यासाठी रसायनशास्त्राकडे वळावे लागते. १८६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रसायनशास्त्रज्ञ हॉफमान यांनी क्रोकेच्या लाकडी चेंडूंना रंग देऊन रेणूंच्या प्रतिकृती श्रोत्यांपुढे ठेवल्या: कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन तांबडा, नायट्रोजन निळा, क्लोरीन हिरवा. अणूला मुळात डोळ्यांना दिसेल असा रंगच नाही. तरीही तो संकेत इतका रुजला की १९५३ मध्ये कोरी आणि पॉलिंग यांनी आपल्या भरीव प्रतिकृती प्रसिद्ध केल्या तेव्हाही त्याच परंपरेचा पुढचा धागा त्यांत होता, आणि आज संगणकाच्या पडद्यावर प्रथिनाचा रेणू रेखाटणारा अभ्यासक त्याचे पृष्ठ काचेसारखे पारदर्शक ठेवावे की मातीसारखे निस्तेज, त्यावर प्रकाश किती चमकावा, हे स्वतः ठरवतो. चकाकी फार झाली तर रेणूच्या पृष्ठावरील खाच, जेथे औषध जाऊन बसते, ती झाकोळते. निस्तेज पृष्ठावर तिची खोली सावलीने उठून दिसते. नक्काशापुढे अस्सल चितळ असते आणि रसायनशास्त्रज्ञापुढे केवळ अनुमान, हा भेद मोठा आहे. पण कोणता लेप दिल्याने वस्तूचे स्वरूप प्रकट होईल, हा निर्णय दोघांनाही करावाच लागतो, आणि तो निर्णय म्हणजे सजावट नसून ज्ञान होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

निर्मलच्या कलेला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाचे रक्षण झाले. पोनिकीचे झाले नाही. ते लाकूड दुर्मीळ होत चालले आहे, आणि ज्याच्यावर लेप चढवायचा तेच उरले नाही तर लेपाची विद्या शिकवायची कोणाला? मुलांच्या अक्षरारंभासाठी बासरच्या सरस्वतीला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी वाट थोडी वाकडी करून निर्मलला जावे, कारागिराच्या हातून खेळणे विकत घ्यावे, आणि पोनिकीची लागवड वाढावी असा आग्रह वनखात्याकडे धरावा.